रंगाचं पासंग : घरचा स्कॅनर, पडदा आणि प्रिंटर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेलं भाषण. बोलताना जसं झालं तसंच, थोडं आवरून इथे दिलं आहे.)



सचिवांनी मला सांगितलं की भाऊ, तुम्ही जुने फोटो स्कॅन करण्याबद्दल बोला, पण लोकांना झोप येईल असं काही बोलू नका. प्रयत्न करतो. उंद्री म्हटलं की बाहेरच्या माणसाला पुण्याची उंद्री आठवते. आपल्याला दरवेळी ‘चिखली तालुक्यातली, बुलडाणा जिल्ह्यातली’ असं सांगावं लागतं. म्हणून सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका गोष्टीनं करतो, जी साऱ्या जगाला ठाऊक झाली.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊन होतं, कोणाला जाता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ते फोटोतच पाहिलं. आठवतं का, आपल्या ग्रुपवर किती तऱ्हेचे फोटो आले होते? एकात पाणी फिकं गुलाबी, एकात विटेसारखं, एकात तर लग्नाच्या पत्रिकेसारखं राणी कलरचं. लोक भांडले, की खरा कोणता आणि एडिट केलेला कोणता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले आणि कारण सांगितलं : खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांच्या अंगातलं गुलाबी रंगद्रव्य. पाणी का रंगलं ते असं कळलं. पण ते नेमकं किती गुलाबी होतं, हे मात्र त्या फोटोंवरून कोणीच सांगू शकत नाही. कारण प्रत्येक फोनचा कॅमेरा वेगळा, त्यातलं सॉफ्टवेअर वेगळं, आणि आपण ज्यावर पाहिलं तो पडदाही वेगळा.

आता हेच तुमच्या घरातल्या आईच्या फोटोला लावा. आजचा विषय तोच आहे.

बाजार समितीत सोयाबीन नेणाऱ्यांना ओलावा मोजायचं यंत्र माहीत आहे. एका अडत्याकडे बारा दाखवतं, दुसऱ्याकडे चौदा. माल तोच, पोतं तेच. भांडण मालाचं नसतं, यंत्राचं असतं. जुन्या दुकानदाराकडच्या तराजूचं आपण पासंग बघायचो : दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्ये येतो का. स्कॅनर, मॉनिटर आणि प्रिंटर हे तीन वेगवेगळे तराजू आहेत आणि तिन्हींना पासंग आहे. कॅलिब्रेशन म्हणजे तराजू शक्य तेवढा सरळ करणं. आणि जे उरलं ते कागदावर लिहून ठेवणं, की हा काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. संगणकाला हे लिहिलेलं वाचता यावं म्हणून कंपन्यांनी १९९३ साली एकत्र येऊन आयसीसी नावाची संस्था काढली आणि एक सामायिक पद्धत ठरवली. फोटोच्या फाईलमध्ये ‘आयसीसी प्रोफाइल’ असं दिसलं तर घाबरू नका, ती पासंगाची चिठ्ठी आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? फोटो दिसला म्हणजे झालं.

तर ऐका. या स्मरणिकेत संस्थापक सभासदांचं पान आहे. त्यातले काही जण आज नाहीत. त्या पानाचं पहिलं प्रूफ छापखान्यातून आलं तेव्हा सगळे चेहरे गोरेपान आणि गुलाबी. छापखान्यातल्या पोरानं चांगल्या मनानं ‘उजळ’ करून दिले होते. गिऱ्हाईक तेच मागतं ना! ते प्रूफ मी एका काकूंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, “फोटो मस्त आहे भाऊ, पण हे आमचे नाहीत.” तीस वर्षं उन्हात शेती केलेल्या माणसाचा रंग दोन मिनिटांत पुसला गेला होता. त्यांच्या नातवानं आजोबांना पाहिलेलंच नाही. त्याच्यासाठी आजोबा म्हणजे जो फोटो आपण छापू तोच.

ही खोड आपल्या छापखान्याची एकट्याची नाही. कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो देत असे. त्यात गोऱ्या कातडीची बाई असायची. त्या कार्डाला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर लागली असं धरायचं. कित्येक वर्षं जगभरचे लोक, कोणत्याही रंगाचे असोत, त्या शर्लीच्या मापानं छापले गेले. सावळ्या माणसाच्या चेहऱ्यातले बारकावे काळ्यात बुडायचे. आज फोन उलटं करतात, न विचारता चेहरा धुऊन काढतात. दोन्हीकडे माप दुसऱ्याचं आणि माणूस आपला.

म्हणून घरच्या घरी, कमी पैशात, आपलं माप आपण कसं लावायचं ते सांगतो. क्रम लक्षात ठेवा : आधी पडदा, मग स्कॅनर, शेवटी प्रिंटर. पडदाच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं त्या खोट्यावर उभं राहतं.

पडद्याला एक रुपयाही लागत नाही. मॉनिटर लावून अर्धा तास तसाच ठेवा, त्याला तापू द्या. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून जो पिवळसर मोड लावता तो बंद करा. वीज वाचवायचा मोड, आपोआप उजेड कमी-जास्त करायचा मोड, ‘व्हिव्हिड’, ‘सिनेमा’, ‘गेम’, हे सगळे बंद. मेन्यूत ‘एसआरजीबी’ असेल तर ते निवडा, नसेल तर कलर टेंपरेचर ६५०० ठेवा. एसआरजीबी हे एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ साली मांडलेलं माप, आणि घरगुती कामाला तेच पुरतं. कोणी ‘अ‍ॅडोबी आरजीबी वापरा, ते मोठं आहे’ म्हणालं तर हो म्हणा आणि सोडून द्या. आपल्या पडद्यावर ते बहुतेक पूर्ण दिसतच नाही.

मग ब्राइटनेस. लोकांची सगळ्यात मोठी तक्रार काय असते? “पडद्यावर छान दिसतं, प्रिंट काळं येतं.” दहातल्या आठ वेळा प्रिंटरचा काही दोष नसतो, पडदा दिव्यासारखा फटफटीत ठेवलेला असतो. एक कोरा पांढरा कागद पडद्याच्या शेजारी धरा, खोलीत नेहमीचा उजेड असू द्या, आणि पडद्यावरचं पांढरं कागदाइतकंच दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पहिले दोन दिवस मेलेलं वाटतं. तिसऱ्या दिवशी सवय होते, आणि संध्याकाळी डोळे दुखत नाहीत हा वरचा फायदा.

आता एक गंमत, मुलांनी घरी जाऊन करायची. कोणत्याही चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये एक चौकोन घ्या. त्यात आडव्या रेघा भरा : एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी, परत काळी, परत पांढरी. त्याच्या मधोमध एक साधा राखाडी चौकोन ठेवा, लाल-हिरवा-निळा तिन्ही आकडे १८६. चित्र शंभर टक्क्यांवरच पाहा, लहान-मोठं करू नका, आणि विंडोजमध्ये अक्षरं मोठी करायचं स्केलिंग लावलं असेल तर ते तेवढ्यापुरतं काढा. आता चार हात मागं जा आणि डोळे बारीक करा. पडद्याचा गॅमा २.२ च्या आसपास असेल तर रेघा आणि राखाडी चौकोन एकमेकांत मिसळतात, मधला चौकोन दिसेनासा होतो. चौकोन उजळ दिसला तर पडदा मधले रंग फिके करतोय, काळपट दिसला तर गडद करतोय. विंडोज ७ पासून प्रत्येक विंडोजमध्ये रंग जुळवायचा विझार्ड फुकट आहे. ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ असं शोधा, तो सापडतो आणि पायरीपायरीनं हेच करून घेतो. लॅपटॉपवाल्यांनी मात्र मान हलवू नये. स्वस्त लॅपटॉपचा पडदा थोडा खाली-वर केला तरी रंग बदलतो, म्हणून बसायची जागा आणि पडद्याचा कोन पक्का करा.

काळ्या टोकाचीही परीक्षा आहे. पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर ५, १० आणि १५ आकड्यांचे तीन चौकोन काढा. निदान दहाचा आणि पंधराचा दिसला पाहिजे. नाही दिसला तर आजोबांच्या काळ्या कोटाच्या घड्या तुमच्या पडद्यावर नाहीतच. स्कॅनमध्ये त्या असतील, तुम्हाला दिसणार नाहीत, आणि तुम्ही कारण नसताना फोटो उजळ करत बसाल.

यापुढचं अचूक काम डोळ्यानं होत नाही. त्याला कलरिमीटर नावाचं छोटं यंत्र लागतं, ते पडद्यावर टेकवून ठेवतात. ते काही हजारांत जातं. एका घराला परवडणारं नाही, आणि एका घराला लागतही नाही, कारण महिन्यातून एकदा वापरायची वस्तू आहे. संस्थेनं एक घेतलं आणि फवारणीच्या पंपासारखं आळीपाळीनं वापरलं तर? सहकार म्हणजे तरी दुसरं काय असतं. अध्यक्षांकडे बघून बोलतोय, वार्षिक सभेत विषय घ्यावा. सोबत लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. अर्गिल सीएमएस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि त्यावरच उभं असलेलं डिस्प्लेकॅल. दोन्ही तज्ज्ञ लोकही वापरतात.

आता स्कॅनर. बहुतेकांच्या घरात आहे तो प्रिंटरच्या डोक्यावरचा स्कॅनर. त्यात पातळ पट्टीचा सेन्सर असतो. तो काचेला चिकटलेलंच नीट बघतो. फोटो गोळा झालेला असेल तर आधी दोन दिवस जाड वहीखाली दाबून ठेवा, नाहीतर कडा धूसर येतात. जुना, जाड, वेगळा फ्लॅटबेड कोणाकडे धूळ खात पडला असेल तर तो फेकू नका, फोटोला तो जास्त चांगला. त्यात ट्यूबसारखा दिवा असतो, तो दहा-पंधरा मिनिटं तापू द्यायचा.

मुख्य काम : स्कॅनरच्या प्रोग्रॅममधलं ‘ऑटो’ नावाचं जे जे आहे ते बंद करा. ऑटो एक्स्पोजर, ऑटो कलर, फेडेड कलर रिस्टोर, सगळं. ऑटो चालू असेल तर स्कॅनर प्रत्येक फोटोला वेगळा तराजू लावतो. मग पासंग काढणार कशाचं? काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीत मोडमध्ये स्कॅन करा. जुन्या फोटोचा तपकिरी टोन हा त्याचा भाग आहे, आणि चहाचा पिवळा डाग नंतर काढायचा असेल तर रंगीत स्कॅनमध्येच तो वेगळा ओळखता येतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय भरपूर झालं. साठवताना टिफ, जेपेग नको. जेपेग व्हॉट्सअ‍ॅपसाठी, नंतर करता येतं.

स्कॅनरचं पासंग काढायला एक नमुना कार्ड असतं, आयटी-८ नावाचं. फोटोच्या कागदावर अडीचशेहून जास्त रंगीत चौकोन आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्टी. कार्डाबरोबर एक फाईल मिळते, त्यात प्रत्येक चौकोनाचं मोजलेलं खरं माप असतं. कार्ड स्कॅन करायचं. आत्ता सांगितलेलं अर्गिल तो स्कॅन वाचतं, फाईलमधल्या मापाशी ताडतं आणि तुमच्या स्कॅनरची चिठ्ठी लिहून देतं. कार्डावर बॅचचा नंबर असतो, फाईल त्याच बॅचची हवी. दुसऱ्या बॅचची फाईल लावणं म्हणजे शेजाऱ्याचं रक्त तपासून स्वतःचं औषध घेणं. कार्ड काळ्या पाकिटात ठेवायचं, कारण तेही फोटोच आहे आणि तेही उडतं. हेही एकच संस्थेत असलं तर साऱ्यांचं भागतं.

ते येईपर्यंत काय? नळवाल्याकडची पांढरी टेप, टेफ्लॉनची, जी आपण नळाच्या आट्यांना गुंडाळतो. पाच-पंचवीस रुपयांत रीळ मिळतं. पुठ्ठ्यावर तिचे दहा-पंधरा थर सुरकुती न पडता एकावर एक बसवा. टेफ्लॉन हा माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात निर्मळ पांढऱ्यांपैकी आहे. प्रयोगशाळांत पांढऱ्याचं माप म्हणून टेफ्लॉनचेच ठोकळे वापरतात. ती पट्टी फोटोच्या शेजारी काचेवर ठेवून फोटोबरोबरच स्कॅन करायची. पट्टीच्या तिन्ही आकड्यांत जो फरक दिसेल तो तुमच्या स्कॅनरचा पांढऱ्यातला कल. तुम्ही म्हणाल, साधा झेरॉक्सचा कागद का नको? कारण त्याला पांढरं दिसावं म्हणून चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. ते निळसर चकाकतं, अगदी नीळ घातलेल्या धोतरासारखं.

नीळ निघालीच म्हणून सांगतो. १९७०-८० च्या सुमारास काढलेले रंगीत फोटो तुमच्या अल्बममध्ये आज लालसर-जांभळट झालेत ना? उन्हानं नव्हे, ते अल्बममध्ये बंदच होते. त्या काळच्या पुष्कळ रंगीत कागदांमधला निळसर थर, सायन, अंधारातसुद्धा हळूहळू मरतो आणि मागं लाल उरतो. अशा फोटोत खरा रंग शोधायला एखादी रंग नसलेली वस्तू लागते. आपल्याकडं ती देवानंच दिलीय : गांधी टोपी! टोपीवर क्लिक करून ‘हे पांढरं’ असं प्रोग्रॅमला सांगितलं की बाकीचे रंग पुष्कळसे जागेवर येतात. फक्त टोपी निळीत बुडवलेली होती का ते आजीला विचारा. तशी असेल तर चेहरे पिवळे पडतील. फोटोत दोन-तीन टोप्या, चुन्याची भिंत, पत्र्याचं छप्पर, काळा दगड असं जे सापडेल ते सगळं ताडून बघा. एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नका.

पण हे सगळं प्रतीवर. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. याला माझ्याकडं मोठं उदाहरण आहे आणि तेही लांबचं नाही. अजिंठ्याला आपण शाळेच्या सहलीत सगळेच गेलोय. तिथली चित्रं उतरवून घ्यायला कंपनी सरकारनं १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला नेमलं. त्यानं आयुष्याची वर्षानुवर्षं तिथं घालवून मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती, आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. गिलची कबर आजही भुसावळला आहे. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा कामाला लागले. १८८५ पर्यंत काम चाललं, आणि त्यातलीही बरीच चित्रं त्याच साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाली. हे झालं प्रतींचं. मूळ चित्रांचं काय झालं? धुरकटलेली चित्रं नीट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश चढवलं गेलं. त्या दिवशी रंग झळकले असतील. पुढं ते वॉर्निश पिवळं-तपकिरी पडलं आणि ते काढण्यात नंतरच्या लोकांच्या कित्येक वर्षांचं काम गेलं. भल्या हेतूनंच केलं होतं बरं का. आपल्या छापखान्यातल्या पोरासारखंच.

तेव्हा मूळ फोटोवर ओलं फडकं, स्पिरिट, तेल काही नको. मऊ ब्रशनं धूळ झाडा, बस. मागं नावं लिहायची तर शिसपेन्सिलनं, हलक्या हातानं. आणि स्कॅनच्या प्रती तीन : एक घरात, एक वेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेर, पुण्याच्या लेकाकडं नाहीतर अकोल्याच्या लेकीकडं. एकाच छताखाली सगळं ठेवायचं नाही हे गिल आणि ग्रिफिथ्सला दोन आगींनी दाखवून दिलं.

प्रिंटरकडं येतो, वेळ होतोय, सचिव घड्याळ दाखवतायत.

छापून रंग जुळवणं हे मुळातच अवघड काम आहे. आपल्या घराघरात राजा रविवर्म्यांची जी लक्ष्मी-सरस्वती टांगलेली असायची ती दगडावरून छापलेली. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि कुठला रंग कुठं किती हे कारागीर डोळ्यानं ठरवायचा. त्या छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनी काम केलं होतं. पुढं स्वतःचा छापखाना काढल्यावर रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ साली जर्मनीला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर चार वर्षांनी. आपल्या सिनेमाचा बाप आधी रंग जुळवणारा मुद्रक होता, हे पोरांना सांगत जा.

घरच्या प्रिंटरला कंपनी जी प्रोफाइल देते ती कंपनीच्या शाईची आणि कंपनीच्या कागदाची असते. आपण चिखलीहून बाटली आणून टाकी भरतो, कागद जो मिळेल तो. मग ती चिठ्ठी आपल्या कामाची राहत नाही. म्हणून माझं सांगणं, महाग घ्या असं नाही, पण एकच शाई आणि एकच कागद धरून ठेवा. दर वेळी बदललं तर पासंग दर वेळी नवं. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार खरा निवडा, कारण शाई किती सोडायची हे तो त्यावरूनच ठरवतो. रंग एकतर फोटोच्या प्रोग्रॅमनं सांभाळावेत नाहीतर प्रिंटरनं. दोघांनी सांभाळले तर चेहरा लालभडक येतो. दोन स्वयंपाकिणींनी एकाच भाजीत तिखट टाकल्यासारखं.

परीक्षेचं एक पान बनवा : एक राखाडी पट्टी, एक सावळा चेहरा, एक गोरा चेहरा, हळद-कुंकवाचा फोटो, थोडं हिरवं शेत. छापा आणि एक दिवस वाळू द्या, ओली शाई वेगळी दिसते. मग दिवसा खिडकीशी, थेट ऊन टाळून, पडद्याशी ताडा. ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. काकूंना हे मी शिकवायला नको. मॅचिंग ब्लाउज पीस घेताना तुम्ही कापड दुकानाबाहेर नेऊन उजेडात बघता, ते काय उगाच? आत जुळलेले दोन रंग बाहेर फारकत घेतात. शाईचं आणि फोटोचं तेच होतं. राखाडी पट्टी हिरवट आली तर मॅजेंटा एक घर वाढवा, परत छापा, आणि जमलेले आकडे पेनानं कागदाच्या पाकिटावरच लिहून ठेवा. एका पाकिटाला चार-पाच पानं जातात. त्यानंतर शंभर फोटो वाया जात नाहीत.

प्रोफाइल केलेल्या स्कॅनरनंच प्रिंटरचं पान मोजायचं आणि त्याचीही चिठ्ठी बनवायची, असंही करता येतं, अर्गिल ते करू देतं. फुकटात म्हणून बरं आहे. पण स्कॅनरला रंग शिकवले फोटोच्या कागदावरचे, आणि तो वाचतोय शाईचे. भाषा जवळची, बोली वेगळी. काळपट आणि जांभळ्या रंगांत तो चुकतो. शेवटचा निकाल डोळ्याचा आणि खिडकीचा.

आणि काही रंग छापून येणारच नाहीत, त्यासाठी भांडू नका. पडदा उजेडाचा, कागद शाईचा. झगझगीत भगवा चार शाईंत थोडा मळतो, १४ एप्रिलच्या पताकांचा चकचकीत निळा जांभळ्याकडं झुकतो. त्यात ना छापखान्याचं राजकारण आहे ना माझं!

संस्थापकांच्या पानाचं पुढं काय झालं ते राहिलं. मूळ फोटो घरोघरून पुन्हा मागवले, ऑटो बंद ठेवून, टेपची पट्टी शेजारी ठेवून स्कॅन केले. छापखान्याला फाईल देताना सोबत घरच्या प्रिंटरवर काढलेली प्रत दिली आणि सांगितलं, याच्याशी जुळवा, उजळ करू नका. दुसरं प्रूफ काकूंनी हातात धरलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कपाळावरची टोपीखालची पट्टी गोरी आहे बघ, तेवढीच उन्हापासून वाचायची. ती पट्टी पहिल्या प्रूफात नव्हती, कारण तिथं सगळंच गोरं होतं.

आता कामाचं. टेफ्लॉनची पट्टी लावलेले सहा पुठ्ठे आणि परीक्षेच्या पानाची फाईल संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. रजिस्टरमध्ये नाव लिहून न्या, आठ दिवसांत परत आणा, पट्टीवर बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की ती पिवळी पडते. ज्यांच्याकडं १९८० च्या आधीचे रंगीत फोटो आहेत त्यांनी आधी यावं, त्यांचं रोज थोडं थोडं उडतंय. रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथं बसतो. पोरांनी यावं, डोळे तुमचे चांगले आहेत. आजी-आजोबांनाही आणा, टोपीत नीळ होती की नाही हे तेच सांगतील.

चहा बाहेर ठेवलाय.